दोरी कोणाच्या हातात होती?

पागेच्या रोजवहीत ‘घोडा बुजला’ अशी नोंद सहज पडते. वेळ, जागा, कधी कारणही: उडालेली पिशवी, कुत्रे, भोंगा. घोड्याच्या तोंडाशी कोण उभा होता, हे त्या ओळीत क्वचितच असते.

बर्लिनच्या हान्सची हकिकत म्हणूनच प्रत्येक नव्या मोतद्दाराला सांगायला हवी. विल्हेल्म फॉन ऑस्टेन या निवृत्त गणित शिक्षकाचा हा घोडा बेरीज-भागाकाराच्या उत्तराइतक्या टापा वाजवायचा. १९०४ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने तपासणी केली; लबाडी सापडली नाही. कोडे सोडवले मानसशास्त्राचा अभ्यासक ऑस्कर फुंग्स्टने. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले, की हान्स चुकायचा. माणूस दिसेनासा झाला, तरी चुकायचा. प्रश्न विचारून माणूस टापांकडे पाहायला किंचित वाकला की टापा सुरू. अपेक्षित आकडा येताच त्याचे डोके नकळत जरासे वर जाई, आणि टापा बंद! १९०७ मध्ये फुंग्स्टने हे पुस्तकात मांडले. गुपित कळल्यावरही त्याला स्वतःची ती हालचाल आवरता येईना.

ही गोष्ट घोड्याची फजिती म्हणून सांगितली जाते, ते चूक आहे. एवढीशी हालचाल टिपणाऱ्या प्राण्यापुढे रोज उभे राहणाऱ्यांसाठी ती मोठी शिकवण आहे.

स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये असेच काही दाखवले. माणसांनी घोडा ठरलेल्या वाटेवरून चार वेळा नेला. चौथ्या खेपेआधी त्यांना सांगितले, की आता वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि घोड्यांचेही.

नवशिका मोतद्दार मोरकी पाठीमागे लपवून, नजर रोखून, खांदे ताठ करून सरळ घोड्याच्या कपाळासमोर चालत जातो. कपाळाच्या अगदी पुढचे घोड्याला दिसत नाही. तो मान उंचावतो, कान वळवतो, पुठ्ठा फिरवतो. मग ‘अडेल आहे’ असा शिक्का बसतो. जुना मोतद्दार खांद्याच्या बाजूने तिरका येतो, दोन पावलांवर थांबतो, श्वास सोडतो, हात खाली ठेवतो. घोडा मान खाली घेतो, तेव्हा मोरकी चढते.

प्रशिक्षणात लगाम आणि रिकिबीआधी हे उभे राहणे शिकवावे. रोजवहीतही एक रकाना वाढवावा: दोरी कोणाच्या हातात होती, आणि तो कुठल्या बाजूला उभा होता. महिनाभराच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, की बुजरा कोण, हे तपासता येईल.