वॉकर चालायचा, पण कुठे?

जॉनी वॉकरच्या बाटलीवर उंच टोपी घातलेला, हातात काठी घेतलेला एक साहेब लांब ढांगा टाकत निघालेला दिसतो. १९०८ मध्ये काढलेले हे चित्र म्हणजे आडनावावरची कोटीच. (आपल्या हिंदी चित्रपटातल्या बद्रुद्दीन काझींना 'जॉनी वॉकर' हे नाव मिळाले तेही या बाटलीवरूनच!) वॉकर म्हणजे चालणारा, हे शाळकरी पोरही सांगेल. पण खरा वॉकर चालून कुठेच पोचत नसे. तो एकाच हौदात उभा राहून दिवसभर कापड तुडवत असे.

मागावरून उतरलेले लोकरी कापड विरविरीत आणि तेलकट असायचे. त्याची वीण घट्ट बसावी म्हणून ते भिजवून तासन्‌तास तुडवावे लागे. भिजवायचे कशात? तर शिळ्या मूत्रात! त्यातल्या अमोनियाने लोकरीचे तेल सुटते. नाक मुठीत धरूनच करायचा हा धंदा. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ 'लोळवणे, घुसळणे' असा होता. 'चालणे' हा अर्थ मागाहून आला.

हेच काम करणारा इंग्लंडच्या दक्षिणेत आणि पूर्वेत 'फुलर' झाला. तेल शोषून घ्यायला तो जी माती वापरी, ती 'फुलर्स अर्थ'. आपल्याकडे बायका चेहऱ्याला लावतात ती मुलतानी माती, ती हीच. नैर्ऋत्येला डेव्हनकडे तोच माणूस 'टकर'. या शब्दाच्या मुळाशी 'छळणे' हा अर्थ आहे. छळ कापडाचा की तुडवणाऱ्याचा, कोण जाणे! तिथल्या एक्झिटर शहरात १४७१ मध्ये बांधलेला टकर्स हॉल आजही उभा आहे. 'वॉकर' हे नाव मुख्यतः उत्तरेकडचे.

बाराव्या शतकाच्या अखेरीस पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे आले आणि हळूहळू पायांचे काम गेले. इंग्लंडात आडनावे पिढीजात होऊ लागली तीही याच सुमारास, पुढच्या शतका-दोन शतकांत. म्हणजे धंदा हातचा जात होता, तेव्हाच नाव मात्र कायमचे चिकटत होते!

स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर हे काम फार काळ माणसांच्याच हाती राहिले. विसाव्या शतकातही तिथल्या बायका फळीभोवती बसून, गाणी म्हणत ओले ट्वीड आपटून घट्ट करीत. पायांऐवजी हातांनी; पण त्या कामाला म्हणत 'वॉकिंग'च.