डेक वाढला म्हणून होडी वाढत नाही!

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर पोटात घाला. पण मुद्दा मात्र नीट वाचा, कारण तो जिवाचा आहे.

फायनल इयरच्या प्रोजेक्टचे विषय निघाले की हॉस्टेलवर एक आयडिया हमखास येते. मासेमारीच्या ॲल्युमिनियमच्या होडीला काढता-घालता येणारा डेक बसवायचा. एरवी जाळं टाकायला सपाट जागा, आणि पूर आला की त्याच डेकवर म्हातारी माणसं, पोरंबाळं, स्ट्रेचर. आयडिया झकास आहे. माझा विरोध आहे तो त्यापुढच्या वाक्याला : "डेक लावला की दहाच्या जागी पंधरा माणसं बसतील."

बसतील हो, पण तरंगतील का?

जरा हिशोब करू. सपाट बुडाची १४ फूट लांब आणि ४ फूट रुंद होडी घ्या. ती एक सेंटिमीटर खाली जायला साधारण ५० किलो वजन लागतं. म्हणजे दर माणसामागे होडी सेंटिमीटरभर तरी बुडते. डेकमुळे जागा वाढते, पण होडी बाजूला सारते ते पाणी वाढत नाही. उलट डेकचं स्वतःचं वजन त्यातच धरावं लागतं. १२ मिलिमीटर मरीन प्लायची आठ बाय चारची एक शीटच वीस-पंचवीस किलोची भरते!

दुसरी गोष्ट तोलाची. मेटासेंट्रिक हाइट आपण व्हायवापुरती पाठ करतो आणि विसरतो. डेक होडीच्या काठाच्या उंचीवर घेतला की माणसं वर चढतात, उभी राहतात आणि होडी कलंडायला तयार होते. डेक कडेबाहेर फूटभर काढला तर मध्यापासूनचं अंतर दोनाचं तीन फूट होतं. तोच माणूस होडीला दीडपट जोराने कलवतो. पुरात तर सगळे एकदम एकाच बाजूला धावतात, कारण जिना किंवा गच्ची त्याच बाजूला असते.

हे नुसतं पुस्तकी बोलणं नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला. तीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. तिला डेक वगैरे काही नव्हता, पण गर्दी काय करते ते तिथे दिसलं. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा महापूर आला. अशा वेळी गावात जे तरंगेल ते बाहेर निघतं, अगदी गुऱ्हाळावरची काहीलसुद्धा. मग आपली डेकवाली होडी मागे कशी राहील?

म्हणून माझं म्हणणं असं, की डेक बनवा, पण त्याचं माप जागेवरून नको, वजनावरून ठरवा. जेवढी सपाट जागा दिसेल तेवढी माणसं चढणारच. होडी आठ माणसांची असेल तर डेकही आठ जणांना बसण्यापुरताच हवा. तो बसायच्या फळ्यांच्या उंचीवरच ठेवा, कडेबाहेर काढू नका. फ्रेम ॲल्युमिनियमच्या पाइपची करा, उद्यमनगरात वेल्डिंग करून मिळेल. बुडाला भोकं पाडू नका, क्लॅम्प लावा. साधे लोखंडी बोल्ट टाळा, ओल्यात ते ॲल्युमिनियमच खातात. स्टेनलेस बोल्ट आणि नायलॉन वॉशर वापरा. आणि दोन माणसांना डेक पाच मिनिटांत उतरवता आला पाहिजे. नाहीतर 'काढता-घालता येणारा' हे फक्त रिपोर्टच्या कव्हरवर राहील.

मग टेस्ट. पाण्याचे वीस लिटरचे तीन जार म्हणजे साठ किलो, म्हणजे एक माणूस. काठाजवळ संथ पाण्यात एकेक करून चढवा, आधी मध्ये आणि मग सगळे एका बाजूला, आणि काठ पाण्यावर किती उरतो ते मोजा. तिथे लाल रेघ मारा आणि मराठीत ठळक लिहा : 'माणसं ८, जास्त नाही.' जहाजांवर अशी रेघ असावी म्हणून इंग्लंडमध्ये सॅम्युअल प्लिमसोल नावाचा खासदार भांडला, आणि १८७६ मध्ये तसा कायदा झाला.

कुणी म्हणेल, पुरात रेघ कोण बघतंय? खरं आहे. पण काठावर रडणाऱ्या माणसाला "पुढच्या खेपेला या" असं सांगणं होडीवाल्याला फार जड जातं. निदान बोट दाखवायला त्याच्याकडे रेघ तरी असेल. ती कुठे मारायची हे त्याला आपण सांगायचं. इंजिनिअर म्हणवतो ना आपण?

प्रोजेक्टला मार्क किती मिळतील माहीत नाही. पण आधी रेघ, मग डेक!