आधी उलटणे, मग वल्हवणे

‘पाण्यात पडले की पोहता येते,’ असे मोठी माणसे सहज बोलून जातात. संसारातील अडचणींच्या बाबतीत हे बोलणे खरे असेलही. परंतु खऱ्याखुऱ्या पाण्याच्या बाबतीत ते खोटे आहे, आणि नुसते खोटे नव्हे, तर घातक आहे. ज्याला पोहता येत नाही, तो खोल पाण्यात पडला तर पोहू लागत नाही. तो बुडू लागतो. म्हणून ज्या मुलामुलींना लहान नाव वल्हविण्याची हौस आहे, त्यांनी आधी पोहणे शिकावे, मग नाव उलटल्यावर काय करावे ते शिकावे, आणि त्यानंतरच वल्हे हाती घ्यावे, असे माझे मत आहे.

अशा लहान नावांचे दोन प्रकार जगभर प्रसिद्ध आहेत. कॅनो ही वरून उघडी असते. तीत गुडघे टेकून किंवा फळीवर बसून एका पात्याच्या वल्ह्याने पाणी कापावयाचे असते. कयाक ही बहुधा वरून झाकलेली असते. तीत पाय पुढे पसरून बसावयाचे आणि दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे आळीपाळीने डावीउजवीकडे मारावयाचे.

कयाक ही उत्तर ध्रुवाजवळच्या हिमप्रदेशात राहणाऱ्या इन्युइट लोकांची देणगी होय. त्या प्रदेशात झाडे जवळजवळ नाहीतच. म्हणून समुद्रात वाहून आलेली लाकडे वेचून ते नावेचा सांगाडा करीत व त्यावर सीलची कातडी ताणून शिवीत. शिंप्याने अंगरखा बेतावा, तशी ती नाव शिकाऱ्याच्या अंगमापाने बेतलेली असे. तेथील पाणी इतके थंड, की नावेबाहेर पडणे म्हणजे मृत्यूला आमंत्रणच. यासाठी नाव उलटली तरी आत बसल्या बसल्या वल्ह्याच्या एका फटकाऱ्याने पुन्हा सरळ होण्याची विद्या त्यांनी सिद्ध केली. ग्रीनलंडमध्ये या विद्येच्या स्पर्धा होतात आणि तीत उलटून सरळ होण्याचे तीसांहून अधिक प्रकार करून दाखवितात. पाहा, ज्यांनी कयाक निर्माण केली, त्यांनी उलटणे ही नामुष्की मानली नाही. तिला शिक्षणाचा भाग मानले.

आपणही तोच धडा गिरवावा. काठाजवळच्या शांत पाण्यात, जाणत्या शिक्षकाच्या नजरेखाली, नाव मुद्दाम उलटी करावी. न घाबरता बाहेर यावे, नाव सोडून न देता तिला धरून राहावे आणि सोबत्याच्या मदतीने पुन्हा आत बसावे. हे दहावीस वेळा केले, म्हणजे पाण्याची भीती जाते आणि पाण्याविषयीचा आदर मात्र राहतो.

साधनांची निवड हीदेखील शिक्षणाचाच भाग आहे. लांब व अरुंद नाव सरळ व वेगाने जाते, पण वळताना आढेवेढे घेते. आखूड नाव चटकन वळते, पण सरळ ठेवणे कठीण. नवशिक्याला रुंद बुडाची, स्थिर नाव बरी. वल्ह्याची लांबी आपली उंची व नावेची रुंदी पाहून ठरवावी. परंतु रंगीत नाव आणि चकचकीत वल्हे यांपेक्षा मोलाची वस्तू म्हणजे जीवरक्षक जाकीट. ते अंगावर बांधून झाल्यावर सोबत्याला खांद्याजवळ धरून वर ओढावयास सांगावे. ते कानापर्यंत सरकले, तर सैल आहे असे समजावे. नावेत नुसते ठेवलेले जाकीट हे घरी विसरलेल्या छत्रीसारखे असते. पाऊस आला की तिचा काय उपयोग?

पाण्याचा स्वभाव ओळखणे हा पुढचा धडा. रायगड जिल्ह्यातील कुंडलिका नदीवर कोलाडजवळ नौकाविहारासाठी अनेक लोक जातात. मुळशी धरणाचे पाणी भिरा येथील वीजघरातून या नदीत सोडले जाते. पाणी सुटले की संथ दिसणारी नदी खळाळू लागते. ज्याला ही वेळ ठाऊक नाही, त्याला आकाश निरभ्र असूनही पाणी का चढले, हे उमगणार नाही. बंधाऱ्याखालचे पाणीही असेच फसवे. वरून पडणारा प्रवाह खाली उलटा फिरतो व माणसाला पुन्हा पुन्हा आत ओढतो. म्हणून बंधाऱ्यापासून दूरच राहावे. वेगवान ओढीत पडल्यास उभे राहण्याचा प्रयत्न करू नये, कारण दगडांत पाय अडकतो. उताणे होऊन, पाय वर व प्रवाहाच्या दिशेने ठेवून तरंगावे आणि संधी मिळताच काठ गाठावा. आणि एकट्याने पाण्यात कधीही जाऊ नये.

कोणी म्हणेल, इतके नियम पाळले तर साहसाची गोडी ती काय उरली? आमची कोळ्यांची मुले जाकिटावाचून समुद्रावर जातातच ना? पण कोळीवाड्यातील नाखवा भरतीओहोटी पाहतो, वाऱ्याचा रोख पाहतो आणि पावसाळ्यात होडी काठावर ओढून ठेवतो. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मगच तो पुन्हा मासेमारीस निघतो. त्याला भित्रा म्हणण्याचे धाडस कोण करील? ज्याचे पोट समुद्रावर अवलंबून आहे, तोच समुद्राची मर्यादा सर्वांत अधिक पाळतो. अशा नाखव्याच्या मुलाने जाकीट घातले, तर त्याच्या शौर्याला उणेपणा येणार नाही.

ग्वाल्हेरच्या प्राची यादव यांचे उदाहरण मनात ठेवण्याजोगे आहे. त्यांच्या पायांत बळ कमी; त्या आधी जलतरण शिकल्या आणि नंतर कॅनोकडे वळल्या. २०२१ साली झालेल्या टोकियो पॅरालिंपिकमध्ये या खेळात उतरणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या व अंतिम फेरीत पोहोचल्या. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. आधी पाणी, मग नाव, असा त्यांचा क्रम होता.

मुलांनो, तुमच्या गावात नदी असेल, तलाव असेल, खाडी असेल. तिच्यावर नाव वल्हविण्याचा आनंद तुम्ही अवश्य घ्यावा. त्या आनंदाला तोड नाही. मात्र नियम पाळणाऱ्या सोबत्याला भित्रा म्हणून हसू नका, आणि दुसरा हसतो म्हणून तुम्ही जाकीट काढू नका. जो संध्याकाळी घरी परत येतो, त्यालाच दुसऱ्या दिवशी पुन्हा वल्हे हाती घेता येते.