क्रूझवर कुटुंबाची ताटातूट थांबवा

प्रति,
क्रूझ कंपन्यांचे भारतातील प्रतिनिधी आणि आरक्षण विभाग,
सहल कंपन्यांचे संचालक,
बंदरे, जहाज वाहतूक व जलमार्ग मंत्रालय, नवी दिल्ली

विषय : एका कुटुंबाच्या केबिन एकत्र देण्याची लेखी हमी मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

मराठी घरात क्रूझची सहल सहसा कुणी एकट्यादुकट्याने ठरवत नाही. कुणाची पंचाहत्तरी असते, कुणाच्या लग्नाला पन्नास वर्षे झालेली असतात, कुणाची दहावी संपलेली असते, आणि तीन पिढ्या मिळून निघतात. मुंबईहून गोवा-लक्षद्वीप असो की सिंगापूरहून पेनांग-फुकेत, तुमच्या जाहिरातींत आजी-आजोबा आणि नातवंडे एकाच कठड्याला टेकून समुद्र बघत असतात. पैसे भरून झाले की मात्र हेच कुटुंब तुमच्या संगणकात दोन-दोन माणसांच्या सुट्या आरक्षणांत मोडते, आणि प्रत्यक्ष जहाजावर आजी एका टोकाला, नातवंडे दुसऱ्या टोकाला जाऊन पडतात. ही ताटातूट टाळता येते, आणि ती टाळणे तुमच्याच हातात आहे. हे पत्र त्यासाठी.

गेल्या वर्षी आम्ही एका सहल कंपनीच्या गटाबरोबर सिंगापूरहून एका क्रूझवर गेलो होतो : मी, नवरा, पंधरा वर्षांचा मुलगा, अकरा वर्षांची मुलगी, माझी आई आणि मावशी. आईला मधुमेह आहे, रोज इन्सुलिन घ्यावे लागते. मावशीचे गुडघे दुखतात. तीन केबिनचे आरक्षण एकाच वेळी, एकाच ठिकाणी केले आणि पैसेही एकत्रच भरले. तिन्ही केबिन शेजारी-शेजारी हव्यात, निदान एकाच मजल्यावर हव्यात, हे पहिल्याच ईमेलमध्ये कारणासह कळवले होते. ‘विनंती नोंदवली आहे’ असे उत्तर आले. केबिनचे क्रमांक निघायच्या आठवड्यात हातात पडले. आमच्या दोन केबिन वरच्या मजल्यावर जहाजाच्या मागच्या बाजूला होत्या. आई आणि मावशीची केबिन चार मजले खाली, पार पुढच्या टोकाला.

ती आतल्या बाजूची, बिनखिडकीची केबिन होती. दिवा मालवला की दिवसासुद्धा मिट्ट काळोख. उजाडले की नाही हे आईला घड्याळ बघून ठरवावे लागायचे. घरी ती खोलीचे दार किलकिले ठेवून झोपते, हाक मारली तर ऐकू यावी म्हणून. जहाजावरचे दार अग्निरोधक आणि जड, हात सोडला की आपोआप बंद होणारे. समुद्रात मोबाइलला रेंज नाही, वायफायचे पैसे वेगळे. केबिनमधल्या फोनवरची बारीक अक्षरे तिला वाचता येत नव्हती, म्हणून आमचा क्रमांक मोठ्या आकड्यांत कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवला.

एका रात्री आईची साखर उतरली. घाम फुटला, हात थरथरू लागले. घाबरलेल्या मावशीला फोन लावायचे सुचले नाही, ती आम्हाला बोलवायला तशीच निघाली. लिफ्टमधून भलत्याच मजल्यावर उतरली. क्रूझवरच्या मार्गिका बघितलेल्यांना वेगळे सांगायला नको : सगळ्या मजल्यांवर तोच गालिचा, तीच दारे, लांबच लांब. दुखऱ्या गुडघ्यांनी ती तिथे येरझाऱ्या घालत राहिली. शेवटी सफाई करणाऱ्या एका मुलाने तिच्या हातातले कार्ड पाहून तिला आमच्यापर्यंत आणले. आम्ही धावत गेलो, आईला साखर दिली, तिला बरे वाटले. विपरीत काही घडले नाही. घडायला वेळ लागला नसता.

जहाजावरच्या कर्मचाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. स्वागत कक्षातल्या मुलीने मनापासून ऐकून घेतले, पण जहाज पूर्ण भरले आहे, माझ्या हातात काही नाही, असे तिने सांगितले आणि ते खरेही होते. दुसऱ्या दिवशी जेवताना आमच्या शेजारच्या केबिनमधले जोडपे भेटले. आमच्याच गटातले. त्यांचे आजोबा आणि आजी आईच्याच मजल्यावर, तिच्यापासून जवळच होते. म्हणजे दोन्ही कुटुंबांना पुरतील एवढ्या केबिन गटाकडे होत्या. त्या कुणाला कुठे द्यायच्या, हे ठरवताना कोण कुणाचे आहे याकडे कुणी पाहिलेच नाही.

असे का होते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. तरी इथे मांडते, कारण हे पत्र वाचणाऱ्या पुष्कळ प्रवाशांना ते कुणी सांगितलेले नसते.

एक, स्वस्त भाड्याची गॅरंटी केबिन. तिच्यात केबिनचा प्रकार ठरलेला असतो, आतली, खिडकीची की बाल्कनीची. क्रमांक मात्र कंपनी नंतर आपल्या सोयीने देते. प्रवाशाने हे समजून-उमजून घेतले तर प्रश्न नाही. पण सहल कंपनीने आपला खर्च वाचवण्यासाठी तशी केबिन घेतली आणि प्रवाशाला सांगितलेच नाही, तर ती त्याच्या गळ्यात मारलेली असते.

दोन, रूमिंग लिस्ट. सहल कंपनी आधी केबिनचा गठ्ठा उचलते आणि नावे नंतर कळवते. त्या यादीत कोण कुणासोबत झोपणार एवढेच लिहितात. या तीन केबिन एकाच कुटुंबाच्या आहेत, ही माहिती तिथेच गळते. आडनावावरून संगणक ओळखेल म्हणावे, तर माझ्या आईचे आडनाव वेगळे, मावशीचे त्याहून वेगळे. लेकीसोबत निघालेल्या प्रत्येक आईची हीच गत.

तीन, मोठ्या माणसाची अट. प्रत्येक केबिनमध्ये किमान एक प्रौढ हवा, असा बहुतेक कंपन्यांचा नियम आहे. काहींची वयोमर्यादा अठरा आहे, काहींची एकवीस. नियम योग्यच आहे. पण त्यामुळे चौघांच्या कुटुंबाला कागदावर नवरा एका केबिनमध्ये आणि बायको दुसऱ्या केबिनमध्ये असे मांडावे लागते. त्या दोन केबिन लांब पडल्या की कागदावरची सोय खरी होऊन बसते.

चार, आरक्षणे ‘लिंक’ करणे. दोन आरक्षणे जोडली, असे सांगितले की प्रवासी निर्धास्त होतो. बऱ्याचदा त्या जोडणीने जेवणाचे टेबल तेवढे एकत्र मिळते, केबिनच्या जागेवर तिचा काही परिणाम होत नाही. हे त्याला कुणी सांगत नाही.

पाच, अपग्रेड. निघण्याआधी एखाद्या केबिनला वरचा वर्ग देऊ केला जातो किंवा त्यासाठी बोली लावायला सांगतात. हे केबिनगणिक चालते. तीनपैकी एक केबिन वर गेली की कष्टाने जमवलेली शेजारी-शेजारीची मांडणी मोडते.

एकत्र केबिनचा आग्रह नुसता सोयीसाठी नाही. 13 जानेवारी 2012 रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकाला धडकून कलंडले आणि 32 माणसे दगावली. त्याच संध्याकाळी चढलेल्या कित्येक प्रवाशांची सुरक्षा कवायत झालेली नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि 2015 पासून ही कवायत जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणी घेणे सक्तीचे झाले. या कवायतीत प्रत्येकाला मस्टर स्टेशन, म्हणजे संकटात जमायची जागा, दाखवतात. ती साधारणपणे केबिनवरून ठरते. कुटुंबाच्या केबिन दोन टोकांना असतील, तर भोंगा वाजल्यावर आजीने एका बोटीपाशी जायचे आणि नातवाने दुसऱ्या. आमच्या कार्डांवरची मस्टर स्टेशनची अक्षरे वेगवेगळी होती. तुम्हीच सांगा, त्या घटकेला कोणती मुलगी आईला सोडून आपल्या बोटीकडे जाईल? ती उलट्या दिशेने धावेल, गर्दीच्या विरुद्ध धावेल, आणि तुमची सगळी शिस्तबद्ध योजना तिथेच कोलमडेल.

तुमच्या अडचणी खऱ्या आहेत, हे मी जाणते. कनेक्टिंग केबिन, म्हणजे मध्ये आतून दार असलेल्या जोडखोल्या, जहाजावर मोजक्याच असतात. तिसरी-चौथी झोपण्याची जागा असलेल्या केबिनही मर्यादित असतात. एखाद्या भागात किती माणसे ठेवता येतील, हे तिथल्या जीवरक्षक बोटींच्या क्षमतेशी बांधलेले असते, त्यामुळे केबिन रिकामी दिसूनही ती चौघांना देता येत नाही. हे सगळे मान्य. पण ही बंधने तुम्हाला आरक्षणाच्या दिवशीच ठाऊक असतात. ज्या दिवशी तुम्हाला ठाऊक असतात, त्याच दिवशी ती प्रवाशाला सांगितली पाहिजेत. पैसे घेताना ‘नोंद केली आहे’ आणि बंदरावर ‘नाइलाज आहे’, याला व्यवहार म्हणत नाहीत.

आपल्याकडे हे जमत नाही असेही नाही. रेल्वेचे तिकीट ऑनलाइन काढताना सगळ्या बर्थ एकाच डब्यात मिळणार असतील तरच तिकीट काढा, असा पर्याय निवडता येतो. मिळत नसतील तर तिकीट निघत नाही, आणि माणूस पुढचा विचार करायला मोकळा होतो. विमानांबाबत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल 2024 मध्ये कंपन्यांना बजावले की, एकाच आरक्षणावर प्रवास करणाऱ्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई-वडील किंवा पालकांपैकी किमान एकाशेजारी जागा द्या. काही तासांच्या विमान प्रवासात ज्या मुलाने पालकाजवळ असणे गरजेचे ठरते, त्याला समुद्रावर काही रात्री काढताना पालकाची गरज जास्त असते.

म्हणून क्रूझ कंपन्यांकडे आणि सहल कंपन्यांकडे माझ्या या मागण्या आहेत :

1. पूर्ण रक्कम घेण्याआधी केबिनचे क्रमांक लेखी द्या. क्रमांक देता येत नसेल तर ‘तुमच्या केबिन वेगवेगळ्या मजल्यांवर असू शकतात’ हे वाक्य मराठीत, ठळक अक्षरांत पावतीवर छापा आणि त्यावर ग्राहकाची सही घ्या.

2. ‘सर्व केबिन एकाच मजल्यावर आणि जवळ असतील तरच आरक्षण करा’ हा पर्याय अर्जात ठेवा.

3. रूमिंग लिस्टमध्ये कुटुंबाचा रकाना घाला. आडनावे वेगळी असली तरी एका कुटुंबाला एकच खूण द्या आणि ती जहाजापर्यंत पोहोचवा.

4. कुटुंबाच्या संमतीशिवाय त्यातली एकही केबिन हलवू नका. अपग्रेड द्यायचे तर सगळ्यांना द्या किंवा कुणालाच देऊ नका.

5. कनेक्टिंग केबिन ठराविक मुदतीपर्यंत मुले, वृद्ध आणि अपंग असलेल्या कुटुंबांसाठी राखून ठेवा. अशा कुटुंबांकडून शेजारच्या केबिनसाठी जादा पैसे घेऊ नका.

6. कुटुंबाचे मस्टर स्टेशन एकच ठेवा.

7. लेखी शब्द पाळता आला नाही, तर रद्द करण्याचे शुल्क न कापता पूर्ण पैसे परत करा.

यातल्या एकाही मागणीसाठी जहाज नव्याने बांधावे लागणार नाही. अर्जात दोन रकाने वाढवावे लागतील आणि यादी करणाऱ्या माणसाला ती नीट वाचायला वेळ द्यावा लागेल.

मंत्रालयाला वेगळी विनंती. 30 सप्टेंबर 2024 रोजी आपण मुंबईत ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केले. 2029 पर्यंत देशातील क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. मुंबई बंदरात नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलही उभे राहिले आहे. धक्के आणि इमारती झाल्या, आता प्रवाशाच्या हक्कांची सनद करा. जहाज परदेशी ध्वजाचे असेल, पण तिकीट पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात विकले जाते. त्या विक्रीला ग्राहक संरक्षण कायदा, 2019 लागू आहे, आणि त्याच्या आधारे ग्राहक व्यवहार मंत्रालयाबरोबर बसून केबिन वाटपाचे स्पष्ट नियम करता येतील. विमानांसाठी जे एका परिपत्रकाने साधले, ते भारतीय बंदरांतून निघणाऱ्या जहाजांसाठी नौवहन महासंचालनालयालाही साधता आले पाहिजे.

प्रवासी वाचकांनाही एक सांगणे आहे. तोंडी आश्वासनावर पैसे भरू नका. केबिन क्रमांक मागा, जहाजाचा आराखडा मागा आणि त्यात आपल्या केबिन स्वतः शोधून बघा. उत्तर टाळले तर समजून जा. फसवणूक झाली तर गप्प बसू नका : राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि नव्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, त्यासाठी कंपनीच्या शहरात खेपा घालाव्या लागत नाहीत.

आयुष्यभराच्या बचतीतून एकदाच अशी सहल करणारी माणसे तुमच्याकडे येतात. जहाजावरची रोषणाई, नाटके, जेवणावळी त्यांना आवडतात, पण ती निघालेली असतात एकमेकांसोबत चार दिवस राहायला. त्यांना एकत्र ठेवणे हा तुमच्या सेवेचा भाग आहे, मेहेरबानी नव्हे. पुढच्या हंगामाची विक्री सुरू करण्याआधी वरच्या सात मागण्यांवर आपला लेखी निर्णय जाहीर करावा, ही आग्रहाची विनंती.

कळावे.

आपली,
आई आणि मुलांना घेऊन प्रवास करणारी एक ग्राहक