ओढ्याचा काठ आणि आपले औषधालय

वायू, उदक, देश व काल हे चार भाव बिघडले, म्हणजे भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी व्याधिग्रस्त होतात, असे चरकसंहितेच्या जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात प्रतिपादन आहे. यांपैकी उदकाचा विचार आपण रुग्णापाशीच थांबवतो. तो शेताच्या बांधापर्यंत नेत नाही, असे आम्हांस वाटते.

वाशीम जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर वसला आहे. काटेपूर्णा येथून उत्तरेस पूर्णेकडे व पुढे तापीकडे जाते. अडाण व अरुणावती यांचे पाणी पैनगंगेमार्गे गोदावरीच्या खोऱ्यात उतरते. येथील ओढ्यांत जे मिसळते, ते दोन खोऱ्यांच्या वाटेला लागते. सोयाबीनचा पेरा थेट काठाला भिडला, की पहिल्या जोरदार पावसात माती, खत व तणनाशक प्रवाहात उतरणारच.

योजनांची वाण नाही. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान आले, २०१८ मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला. बांधबंदिस्ती व रुंद वरंबा-सरी पद्धतीची पेरणी यांनी माती शेतातच राहते. हे कार्य मोलाचे आहे. परंतु नाला खोलीकरणात यंत्राने काठ खरवडला गेला, तर पाणी अडते आणि पाणी गाळणारी वनस्पतीच नाहीशी होते. वाळा, नागरमोथा, अर्जुन ही काठाचीच संपत्ती. ज्वरात आपण षडंगोदक देतो. त्यातील मुस्ता व उशीर म्हणजे हाच नागरमोथा व हाच वाळा.

दोष केवळ यंत्राचा नाही. अर्जुनाची साल सभोवार सोलली तर वृक्ष वाळतो. तरीही माल कोठून व कसा आला, हे आपण व्यापाऱ्यास क्वचितच विचारतो.

युरोपीय संघाच्या २०२३ पासूनच्या कृषी धोरणात अनुदान घेणाऱ्या शेतकऱ्याने ओढ्यालगतच्या किमान तीन मीटर पट्टीत खते व कीटकनाशके वापरू नयेत, असा सर्वसाधारण नियम आहे. आपल्याकडील दोन-तीन एकरांच्या धन्याला मात्र पट्टी नुसती सोडा म्हणणे अन्यायाचे होईल. त्या पट्टीचे मोल त्याला मिळाले पाहिजे.

म्हणून आमचे दोन प्रस्ताव आहेत. औषधनिर्माते व औषधालयचालक यांनी काठावरील वाळा व नागरमोथा यांचा खरेदीदर पावसाळ्यापूर्वीच शेतकऱ्यास लेखी द्यावा. मात्र मुळे खणताना पट्टीचा अर्धा भाग त्या वर्षी अस्पर्श राखण्याची अट घालावी, अन्यथा काठ पुन्हा उघडा पडेल. दुसरे असे, की गावाचा जलसंधारण आराखडा ठरतो त्या ग्रामसभेत स्थानिक वैद्याने उपस्थित राहून, खोलीकरणाबरोबर काठाच्या लागवडीचीही तरतूद मागावी.

रोग्यास पाणी उकळून पिण्यास सांगणे हे आपले कर्तव्यच होय. पण ते पाणी ज्या ओढ्यातून आले त्याचे पथ्य सांभाळणे, हेही वैद्यकर्मच आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक सभासदाने निदान एका शेतकऱ्याशी असा करार करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.