विश्लेषण : युरोपची बंदरे कोकेन तस्करांच्या विळख्यात का?

बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात २०२३ मध्ये तब्बल ११६ टन कोकेन जप्त झाले. पुढच्याच वर्षी हा आकडा ४४ टनांवर आला. तस्करी आटोक्यात आली, असे मानायचे का? इतक्यात नको.

बंदरेच का?

अँटवर्प आणि नेदरलँड्समधील रॉटरडॅम ही युरोपातील दोन सर्वांत मोठी कंटेनर बंदरे. दक्षिण अमेरिकेतून येणारी केळी, फळे नाशवंत. त्यामुळे ती झटपट बाहेर काढावी लागतात. लाखो कंटेनरपैकी प्रत्यक्ष तपासणी होते ती मोजक्यांचीच. तस्करांचे फावते ते इथे.

टोळ्यांची पद्धत काय?

कंटेनर ताब्यात घेण्यासाठी पिन कोड लागायचा. तो मिळवायला बंदरातला एक फितूर कर्मचारी पुरेसा. पैशांनी वश झाला नाही, तर धमकी. माल बाहेर काढायला अनेकदा अल्पवयीन पोरे पाठवली जातात. पकडली जातात तीच, सूत्रधार दूर राहतात.

हिंसाचार कुठवर?

नेदरलँड्समध्ये रिदुआन ताघीच्या टोळीविरुद्धच्या खटल्यातील माफीच्या साक्षीदाराचा भाऊ २०१८ मध्ये, वकील २०१९ मध्ये, तर सल्लागार असलेले पत्रकार पीटर आर. डे व्रीस २०२१ मध्ये मारले गेले. ताघीला २०२४ मध्ये जन्मठेप झाली. जानेवारी २०२३ मध्ये अँटवर्पमध्ये घरावर झालेल्या गोळीबारात ११ वर्षांच्या मुलीचा बळी गेला.

मग उपाय काय?

जप्ती घटली म्हणजे माल घटला असे नव्हे. मोठ्या बंदरात पहारा वाढला की माल लहान बंदरांकडे वळतो किंवा भर समुद्रात बोटींवर उतरवला जातो. स्कॅनर हवेतच, पण घरच्यांचे फोटो पाठवून धमकावल्या गेलेल्या कारकुनाला स्कॅनर वाचवू शकत नाही. रॉटरडॅमने पिन कोड हटवून ठरावीक कंपन्यांपुरती डिजिटल परवानगी आणली, हे योग्य पाऊल. कोडच नसेल, तर तो विकण्यासाठी कुणावर दबावही येणार नाही. जोडीला धमकीची तक्रार करणाऱ्याला संरक्षण आणि गोदीलगतच्या वस्त्यांतील पोरांना रोजगार हवा.

हे दूरचे दुखणे नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्हावा शेवा बंदरात दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या फळांच्या कंटेनरमध्ये ५० किलो कोकेन सापडले होते. बंदराची खरी तटबंदी तिथे राबणारी माणसे असतात. ती एकटी पडली, तर कितीही उंच कुंपण कामाचे नाही.