उणे एक येतो कुठून?

अकरावीचे ‘सरळ रेषा’ प्रकरण यंदाही अनेक वर्गांत एका ओळीवर आटोपेल: लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१. मुले ती ओळ पाठ करतात, गणितेही सोडवतात. पण ‘−१ च का?’ म्हटले, की वर्ग गप्प. खरे तर उत्तराची सामग्री दहावीतच हाती आलेली असते: अंतराचे सूत्र आणि पायथागोरसचे प्रमेय.

आरंभबिंदूतून दोन लंब रेषा काढा. चढ म आणि न. त्यांवर (१, म) आणि (१, न) हे बिंदू घ्या. आरंभबिंदूपासूनच्या अंतरांचे वर्ग १ + म² आणि १ + न². बिंदूंमधल्या अंतराचा वर्ग (म − न)². काटकोन आरंभबिंदूशी, म्हणून पहिल्या दोघांची बेरीज तिसऱ्याइतकी. म² आणि न² गेले, की उरते २ = −२मन; म्हणजेच मन = −१. अर्ध्या फळ्यात सिद्धता संपते.

नियमाच्या मर्यादाही तिथेच सांगाव्यात. पेण-रोह्याच्या मुलांना रेल्वे परकी नाही. रोह्यापासून सुरू होणाऱ्या कोकण रेल्वेची कमाल चढण १५० मीटरला १ मीटर अशी आखलेली. अशा चढणीवर रुळाला काढलेल्या लंबाचा चढ किती? −१५०. आणि शेजारच्या विजेच्या खांबाचा? तो ओळंब्यात उभा. त्याचा चढ ठरवताच येत नाही. म्हणजे खांब त्या रुळाला लंब नाही. फरक अर्ध्या अंशाहूनही कमी, पण आहे. सपाट जागी खांब रुळाला लंबच असतो, मात्र तिथे रुळाचा चढ शून्य आणि सूत्र लागूच होत नाही.

दुसरी मर्यादा प्रमाणाची. दोन्ही अक्षांवर एकच प्रमाण नसेल, तर गुणाकार −१ येऊनही आलेखावर काटकोन दिसत नाही. आपल्याकडे रेखांशाचा एक अंश अक्षांशाच्या अंशापेक्षा सुमारे पाच टक्क्यांनी लहान भरतो. त्यामुळे नुसत्या अंशांवरून काढलेला लंब जमिनीवर सहसा जरा कलतोच.

पुढच्या घटक चाचणीत एक प्रश्न असा घालून पाहा: (१, २), (४, ३), (३, ६) हा त्रिकोण काटकोन आहे हे आधी चढांनी, मग अंतरांनी दाखवा, आणि दोन्ही रीती एकच उत्तर का देतात ते दोन वाक्यांत लिहा. गुण त्या दोन वाक्यांना जास्त ठेवा.